ग्रीक ग्रंथ पडद्यावर कसे आले

प्राचीन ग्रीस घरबसल्या शिकायचा तर आज साधनांची वाण नाही. होमरचं महाकाव्य मूळ ग्रीकमध्ये उघडता येतं, त्यातल्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की व्याकरण आणि अर्थ समोर येतो, नामांकित विद्यापीठांतली व्याख्यानं फुकट ऐकता येतात. हे सगळं इंटरनेटमुळे झालं, असं आपण सहज म्हणून जातो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. यातलं बरंचसं कष्टाचं काम इंटरनेट घराघरात पोचण्याआधीच झालं होतं. पुढचा प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हता, मनाच्या मोठेपणाचा होता : तयार झालेलं साहित्य सगळ्यांना मोकळं करायचं की नाही?

गोष्ट सुरू होते १९७२ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या परिसरात. तिथे अभिजात भाषांचा अभ्यास करणाऱ्या मॅरिअॅन मॅकडोनल्ड या विद्यार्थिनीने एक कल्पना मांडली : उपलब्ध असलेलं सगळं प्राचीन ग्रीक साहित्य संगणकात भरायचं. नुसती कल्पना मांडून त्या थांबल्या नाहीत, दहा लाख डॉलरची देणगीही त्यांनी दिली. थिओडोर ब्रुनर यांच्या नेतृत्वाखाली ‘थिसॉरस लिंग्वे ग्रेके’ (लॅटिनमध्ये ‘ग्रीक भाषेचं भांडार’) हा प्रकल्प उभा राहिला. संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, असा तो काळ. छापील आवृत्त्या समोर ठेवून माणसं अक्षरन् अक्षर टंकत होती. होमरपासून सुरू झालेला हा संग्रह पुढे १४५३ मधल्या कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंत वाढवला गेला आणि आज त्यात दहा कोटींहून अधिक शब्द आहेत.

पहिली अडचण लिपीची होती. प्राचीन ग्रीक नीट लिहायची तर अक्षरांवर तीन प्रकारचे स्वराघात, दोन प्रकारची उच्छ्वासचिन्हं, काही स्वरांखाली बारीक आयोटा हे अक्षर, असं सगळं दाखवावं लागतं. तेव्हाच्या संगणकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डेव्हिड पॅकार्ड यांनी त्यावर ‘बीटा कोड’ नावाची पद्धत काढली. ग्रीक मजकूर साध्या रोमन अक्षरांत टंकायचा. थीटासाठी क्यू, ईटासाठी एच, ओमेगासाठी डब्ल्यू. आघातासाठी तिरकी रेघ, उच्छ्वासासाठी कंस. दिसायला हे भयंकर दिसे. पण मजकूर एकदा असा भरला की तो कुठल्याही यंत्रावर टिकत होता, शोधता येत होता.

ग्रीक शिकवणाऱ्यांची पुढची दहा-पंधरा वर्षं फाँटच्या गोंधळात गेली. एकाने एका फाँटमध्ये टंकलेला पाठ दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की निव्वळ खिचडी दिसायची. श्रीलिपी आणि कृतिदेवच्या जमान्यात ज्यांनी मराठी फायली एकमेकांना पाठवल्या आहेत, त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत म्हणजे युनिकोड; तिच्या १९९३ च्या आवृत्तीत स्वराघातांसह ग्रीकला जागा मिळाली. ती सगळीकडे प्रत्यक्ष चालू लागायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला. बीटा कोडमधला जुना मजकूर तेव्हा जसाच्या तसा युनिकोडमध्ये उतरवता आला. आधी भरलेलं एकही पान वाया गेलं नाही.

संगणकात ग्रंथ असणं वेगळं आणि ते शिकता येणं वेगळं. ‘थिसॉरस’ विद्वानांसाठी होता. ज्याला ग्रीक येतच नाही त्याचा विचार केला तो ‘पर्सिअस’ या दुसऱ्या प्रकल्पाने. ग्रेगरी क्रेन यांनी हार्वर्डमध्ये १९८५ पासून त्याची आखणी केली आणि १९८७ मध्ये काम सुरू झालं. १९९२ साली पहिली आवृत्ती आली, ती सीडीवर आणि फक्त मॅकिंटॉश संगणकांसाठी. तिच्यात मूळ ग्रीक मजकूर होता, शेजारी इंग्रजी भाषांतर होतं. शिवाय मातीच्या रंगवलेल्या भांड्यांची, मंदिरांची, नाण्यांची चित्रं आणि नकाशे होते. हिरॉडोटस हा ग्रीक इतिहासकार वाचता वाचता त्यातल्या गावाचा नकाशा उघडायचा, तिथल्या उत्खननात काय सापडलं ते बघायचं, ही शिकण्याची रीत तिथे पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर आकाराला आली. १९९३ मध्ये प्रकल्प टफ्ट्स विद्यापीठात गेला आणि १९९५ मध्ये वेबवर आला.

‘पर्सिअस’ची खरी करामत मात्र शब्दावरच्या टिचकीत आहे. ग्रीक क्रियापदाची रूपं शेकड्यांनी होतात आणि कोशात सापडतं ते सहसा एकच. ‘फेरो’ म्हणजे मी वाहून नेतो; त्याचाच भविष्यकाळ ‘ओइसो’ आणि भूतकाळ ‘एनेंका’. आपल्या ‘जातो’चं ‘गेला’ होतं, तसंच. मराठी न जाणणाऱ्याने ‘गेला’ कोशात कुठे शोधावं? पूर्वी हा खटाटोप गुरूजवळ बसून, नाहीतर जाडजूड व्याकरणं चाळून करावा लागे. क्रेन यांनी रूप ओळखून मूळ शब्दापर्यंत नेणारी आज्ञावली तयार केली आणि ती लिडेल, स्कॉट व जोन्स यांच्या महाकोशाला जोडली. १८४३ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या आणि १९४० मध्ये नववी आवृत्ती पूर्ण झालेल्या या कोशाची एक प्रत विकत घेणं आजही सामान्य विद्यार्थ्याला झेपत नाही. तो आता प्रत्येक शब्दाच्या मागे उभा असतो. घरी एकट्याने ग्रीक शिकणाऱ्याला इतकी मोठी मदत दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने झालेली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

इथे वाटा फुटल्या. ‘थिसॉरस’ २००१ मध्ये ऑनलाइन आला, पण पूर्ण संग्रह वर्गणी भरणाऱ्यांसाठीच. थोडा भाग आणि काही कोश तेवढे खुले. जेम्स लोब यांनी १९११ मध्ये उभी केलेली, एका पानावर ग्रीक आणि समोरच्या पानावर इंग्रजी अशी हिरव्या बांधणीची ग्रंथमाला २०१४ मध्ये ऑनलाइन झाली, तीही वर्गणीनेच. या संस्थांचा खर्च खरा आहे, आणि त्यांनी केलेलं काम थोर आहे. पण ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला साध्या मासिकांची वर्गणी भरताना ओढाताण होते, तिथल्या मुलांसाठी हे दार बंदच राहतं. ‘पर्सिअस’ने २००६ मध्ये आपले ग्रीक आणि लॅटिन पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केले : उतरवून घ्या, वापरा, त्यावर नवीन काही बांधा. पुढच्या कितीतरी मोफत वाचनसाधनांचा पाया या निर्णयाने घातला. २०१८ मध्ये आलेला ‘स्काइफ व्ह्यूअर’ हा त्याच परंपरेतला.

मोफत साहित्याची एक मर्यादा शिकवणाऱ्याने जाणून असावी. स्वामित्वहक्क संपलेला असतो तो बहुधा शंभर वर्षांपूर्वीच्या भाषांतरांचा. त्यांची इंग्रजी जुनी, वळणं अवघड, आणि त्या काळच्या संकोचाने कितीतरी जागी मूळ झाकलेलं. लोबच्या सुरुवातीच्या खंडांत तर अश्लील वाटलेल्या ग्रीक ओळी इंग्रजीऐवजी लॅटिनमध्ये दिल्या जात. गुलाम, स्त्रिया, शरीरसंबंध यांविषयी ग्रीक लेखक काय म्हणतात हे अशा भाषांतरावरून वर्गात सांगायचं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगायची. ही उणीव भरून काढायला १९९५ मध्येच ‘डायोटिमा’ हे संकेतस्थळ निघालं. प्राचीन जगातल्या स्त्रियांविषयीचे उतारे आणि अभ्यासक्रम तिथे एकत्र मिळू लागले.

१९९८ मध्ये सुरू झालेला ‘सुदा ऑन लाइन’ मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत लोभस भाग वाटतो. सुदा हा दहाव्या शतकातला बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला, ज्ञानकोश, सुमारे तीस हजार नोंदींचा. कितीतरी हरवलेल्या ग्रीक ग्रंथांबद्दलची माहिती फक्त त्यातच उरली आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर करायला स्वयंसेवक जमले. कुणीही जाणकाराने नोंद मागून घ्यायची, भाषांतर चढवायचं, संपादकांनी ते तपासायचं, आणि नोंद कितपत तपासून झाली आहे ते वाचकाला तिथेच दाखवायचं. विकिपीडिया जन्मायच्या आधीची ही रीत. २०१४ मध्ये शेवटची नोंद भाषांतरित झाली. सोळा वर्षं माणसांनी हे काम मोबदल्याविना केलं.

व्याख्यानं त्यामानाने उशिरा आली. येल विद्यापीठाने २००७ मध्ये खुले अभ्यासक्रम सुरू केले. डोनाल्ड केगन यांची ग्रीक इतिहासावरची चोवीस व्याख्यानं त्यात आहेत. २०१३ मध्ये हार्वर्डच्या ग्रेगरी नाज यांनी ग्रीक वीरांवरचा आपला जुना, गाजलेला वर्ग ऑनलाइन घेतला आणि त्याचं पाठ्यपुस्तकही वाचायला मोकळं ठेवलं. केगन राजकारण आणि युद्ध समजावतात, नाज एकेका ओळीपाशी थांबतात. शिकवणाऱ्याने दोघांना ऐकावं, पण सुरुवात नाज यांच्यापासून करावी. मूळ उतारा हळू वाचायची सवय लागली की बाकीचं आपोआप रुळावर येतं.

आता हस्तलिखितांकडे वळू, कारण आपला धागा तिथेच जुळतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवव्या किंवा दहाव्या शतकातली एक ग्रीक पोथी आहे, क्रमांक ३९८. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून हिंदुस्थानाकडे व्यापार करणाऱ्या कुणा अनामिकाने ग्रीकमध्ये लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे बंदरांचं आणि व्यापाराचं माहितीपुस्तक तिच्यात आहे. १६२२ मध्ये हायडेलबर्ग शत्रूच्या हाती पडलं आणि पुढच्या वर्षी तिथला ग्रंथसंग्रह पोपकडे रोमला गेला. १७९७ मध्ये फ्रेंचांनी ही पोथी पॅरिसला नेली. नेपोलियनच्या पराभवानंतर ती हायडेलबर्गला परतली. आज तिचं पान न् पान ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलं आहे, कुणीही उघडावं.

त्या पानांवर कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आहे, तेर आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून कापड भडोचला उतरतं. कल्याणला कधीकाळी रीतसर व्यापार चाले. आता तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही त्यात आहे. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, हेही लेखकाने टिपून ठेवलं आहे. इकडे कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रातल्या शाळेत ग्रीस शिकवताना अथेन्सपासूनच सुरुवात करायला हवी, असा काही नियम नाही. पेरिप्लसमधली आपल्या किनाऱ्याची आणि दख्खनची प्रकरणं तासाभरात वाचून होतात. १९१२ मधलं विल्फ्रेड शॉफ यांचं इंग्रजी भाषांतर स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे त्यावरून मराठीत उतारे तयार करून वर्गात वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठी विश्वकोशातल्या ग्रीक विषयांवरच्या नोंदीही आता ऑनलाइन मोफत आहेत. तेरच्या मुलांनी आपल्या गावचं नाव आधी त्या पोथीच्या पानावर पाहावं, मग गावातलं लामतुरे संग्रहालय बघायला जावं, आणि त्यानंतर खुशाल हिरॉडोटस उघडावा.