बिडी सगळेच ओढतात, चट्टा काहींनाच का?

'आज्यानं नव्वदीपर्यंत बिड्या ओढल्या, काय झालं त्याला?' बीड, जालना, परभणीकडे पारावर हे हमखास ऐकायला मिळतं. आज्याचं खरंही असेल. नातवाला मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही: बिडीनं काहींच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा येतो, आणि तो पुढे कॅन्सर होऊ शकतो. तो काहींनाच का, याचं थोडं उत्तर जनुकांत आहे.

बिडीच्या धुरातलं बेंझोपायरीन हे कॅन्सरकारक रसायन थेट डीएनएला चिकटत नाही. ते बाहेर टाकता यावं म्हणून शरीर त्यावर प्रक्रिया करतं. त्यात सीवायपी१ए१ नावाचं विकर (एन्झाइम) मदत करतं, आणि तिथेच घात होतो: तयार झालेला जहाल रेणू डीएनएतल्या ग्वानीन या घटकाला जाऊन बसतो. जीएसटीएम१ हे दुसरं विकर अशा रेणूंना ग्लुटाथायोन हा शरीरातलाच पदार्थ जोडून निकामी करतं. काहींना या विकराचं जनुक आईकडूनही मिळालेलं नसतं आणि बापाकडूनही नाही. डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकंही माणसागणिक थोडी वेगळी असतात.

एवढ्यावरून जनुक-तपासणीला पैसे घालू नका. युरोपात जवळपास निम्म्या लोकांत जीएसटीएम१ नसतंच, आणि ज्यांच्यात आहे त्यांनाही चट्टे येतात. एकेका जनुकाचा वाटा लहान, धुराचा मोठा.

त्यापेक्षा आरसा घ्या. चूळ भरा, उजेडाकडे तोंड करा, गाल बोटानं बाहेर ओढा. बिडीवाल्यांचा चट्टा बहुतेकदा ओठांच्या कोपऱ्याला आतून असतो. जीभ बाजूंनी आणि खालूनही बघा. पांढरं दिसलं तर स्वच्छ ओल्या कापडानं हलकेच पुसा. निघालं तर बुरशीचा थर असू शकतो, तोही दाखवावाच. न निघणारा, खरबरीत चट्टा असेल तर दंतवैद्याकडे जा. लाल, मखमली चट्टा जास्त धोक्याचा. तिथं एक दिवसही थांबू नका.

टोकदार दात घासत असेल तर डॉक्टर तो गुळगुळीत करून 2 आठवड्यांनी पुन्हा बघतात. तरी चट्टा राहिला तर तपासणीसाठी त्याचा तुकडा (बायॉप्सी) काढावा लागतो. तो सगळ्यात लाल किंवा जाड जागेचाच हवा. नुसत्या सपाट पांढऱ्या भागातून घेतला तर बिघडलेल्या पेशी हातून निसटतात. तुकडा लगेच 10 टक्के फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात जायला हवा, वाळला की वाया गेला. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीनं महिनोन् महिने मलम लावत बसणारे फार आहेत. तुकड्यानं तो पसरत नाही, उशिरानं मात्र बळावतो.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवता येतं. बिडी सोडायला 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. बिडी सुटली की बरेच चट्टे काही महिन्यांत फिके पडतात. रिपोर्टमध्ये पेशींचा बिघाड जास्त निघाला, तर चट्टा काढून टाकावाच लागतो आणि पुढेही तपासणी चुकवून चालत नाही.