ताऱ्यांभोवतीच्या धुळीचे ध्रुवणमापन

ताऱ्याभोवतीच्या धूलिकणांवरून विखुरलेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या कंपनांत एक दिशा वरचढ ठरते. त्याचे ध्रुवण मोजून धूळ कुठे आहे, तिचे कण केवढे आहेत आणि कशाचे बनले आहेत हे ओळखण्याची ही निरीक्षणपद्धती आहे. ग्रह कसे घडू लागतात आणि म्हातारे तारे आपले द्रव्य अवकाशात कसे सोडतात, हे जाणायचे तर या धुळीलाच विचारावे लागते.

ताऱ्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने सारख्याच प्रमाणात असतात, म्हणून त्याचे एकूण ध्रुवण जवळजवळ शून्य भरते. तोच प्रकाश लहान कणावरून विखुरला की तारा आणि कण यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असलेले कंपन वरचढ ठरते. प्रकाश सुमारे ९० अंशांतून वळला असेल तेव्हा हा परिणाम सर्वाधिक असतो. सूर्यापासून ९० अंशांवरचे निळे आकाश ध्रुवक चष्म्यातून पाहिले आणि चष्मा फिरवला, तर ते आलटून पालटून गडद-फिके होते. तिथे धुळीच्या जागी हवेचे रेणू असतात, एवढाच फरक.

अभिजित, बीटा पिक्टोरिस अशा ताऱ्यांभोवती धूळ असल्याचे १९८३ मध्ये आयरास उपग्रहामुळे कळले. त्यांच्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रारण येत होते. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत ताऱ्याचे तेज झाकून बीटा पिक्टोरिसच्या धुळीच्या तबकडीचे चित्र मिळवले. मात्र ताऱ्याच्या अगदी जवळची धूळ दिसायला झाकणे पुरेसे नसते, कारण झाकणाच्या कडेने आणि वातावरणामुळे पसरलेला ताऱ्याचा प्रकाश धुळीच्या प्रकाशाहून कितीतरी अधिक असतो. ध्रुवण उपयोगी पडते ते इथे. एकाच वेळी परस्परांना काटकोनात असलेल्या दोन कंपनदिशांची दोन चित्रे घेऊन ती एकमेकांतून वजा केली, तर ताऱ्याचा अध्रुवित प्रकाश दोन्हींत सारखाच असल्याने निघून जातो आणि धुळीचा प्रकाश उरतो. अशा जोड्या वेगवेगळ्या कोनांत घेतल्या की प्रत्येक बिंदूवरच्या ध्रुवणाची दिशाही मिळते. त्या दिशा ताऱ्याभोवती वर्तुळाकार रांगेत लागल्या, तर उरलेला प्रकाश विखुरलेलाच आहे असा विश्वास वाटू लागतो.

वजाबाकी सोपी वाटली तरी दोन चित्रे खरोखर सारख्या परिस्थितीत घेणे अवघड असते. चिलीतील पारानाल येथील अतिविशाल दुर्बिणीवर २०१४ पासून काम करणाऱ्या स्फिअर उपकरणातील झिंपोल या ध्रुवणमापकाने यावर काढलेला तोडगा फार सुंदर आहे. त्यातील द्रव-स्फटिक प्रकाशाची कंपनदिशा सेकंदाला सुमारे हजार वेळा पालटतो. संवेदकाच्या एकाआड एक ओळी झाकलेल्या असतात आणि प्रत्येक पालटाबरोबर जमा झालेला विद्युतभार एक ओळ वर किंवा खाली सरकवला जातो. त्यामुळे दोन्ही चित्रे त्याच संवेदक-बिंदूंनी टिपलेली असतात आणि वातावरणाला मध्ये बदलायला जवळजवळ सवडच मिळत नाही.

ध्रुवणाचे खरे मोल धूळ दिसण्यापलीकडचे आहे. तरंगलांबीहून बरेच लहान कण प्रकाश जोरदार ध्रुवित करतात, पण पुढे आणि मागे सारखाच विखुरतात. मोठे भरीव कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात आणि त्यांचे ध्रुवण कमी असते. एयू मायक्रोस्कोपी या सुमारे ३२ प्रकाशवर्षांवरील तरुण लाल बटू ताऱ्याच्या तबकडीत मात्र पुढे झुकलेले प्रकीर्णन (विखुरणे) आणि जास्त ध्रुवण हे दोन्ही एकत्र आढळले. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून जेम्स ग्रॅहॅम, पॉल कलास आणि ब्रेंडा मॅथ्यूज यांनी २००७ मध्ये याचा अर्थ असा लावला की कण सच्छिद्र आहेत, इतके की त्यांच्या आकारमानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पोकळीच आहे. बारीक कण एकमेकांना अलगद चिकटत जाऊन असे विरळ गोळे तयार होतात. ग्रहनिर्मितीची सुरुवातीची पायरी हीच मानली जाते.

म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यापासून सतत वायू-धुळीचा वारा वाहतो, पण तो ढकलते कोण? ताऱ्याच्या अगदी जवळ धूळ प्रकाश शोषू लागली तर ती तापून विरून जाईल. लोह नसलेले, जवळजवळ पारदर्शक सिलिकेट (वाळूसारख्या खनिजांचे) कण प्रकाश न शोषता तो केवळ विखुरतात आणि त्यातूनच त्यांना धक्का मिळतो, अशी कल्पना होती; मात्र त्यासाठी कण तरंगलांबीच्या तोडीचे हवेत. २०१२ मध्ये बार्नाबी नॉरिस आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यू हायड्री, आर डोराडस आणि आर लिओनिस या ताऱ्यांजवळ ध्रुवित प्रकाशाचे प्रभामंडळ पाहिले आणि कणांची त्रिज्या सुमारे ०.३ मायक्रोमीटर काढली. ती या कल्पनेशी जुळली. पुढे आर डोराडसच्याच झिंपोल प्रतिमांच्या अभ्यासातून तेथील धूळ एकट्याने वारा वाहवायला अपुरी असल्याचे दिसले. हा वाद मिटलेला नाही, पण तो कणांच्या मापावर येऊन ठेपला हे श्रेय ध्रुवणमापनाचेच.

निष्कर्ष काढताना दोन अडथळे कायम असतात. दुर्बिणीचे तिरपे आरसे स्वतःच थोडे ध्रुवण घालतात. शिवाय वाटेतील आंतरतारकीय धूळ चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेत रांगेने लागते आणि ताऱ्याचा प्रकाश ध्रुवित करते. ताऱ्यांचा प्रकाश वाटेत असा ध्रुवित होतो हे १९४९ मध्ये विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल यांनी दाखवले. ही भर आधी वजा करावी लागते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडवलेली वालोप ही रुंद क्षेत्राची ध्रुवणमापके याच आंतरतारकीय धुळीच्या नकाशासाठी आहेत.

गणिती नमुन्यांत कण गोल मानण्याची सोय आहे. खरे कण ओबडधोबड असतात आणि तिथे गोलाचे गणित चुकते. म्हणून स्पेनमधील ग्रानाडा येथील प्रयोगशाळेत खनिजांची पूड उडवून तिच्यावर प्रकाशझोत सोडतात आणि वेगवेगळ्या कोनांतले ध्रुवण प्रत्यक्ष मोजतात. त्या मोजमापांशी आता ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांची निरीक्षणे ताडून पाहिली जातात.