मायक्रोफोन–साउंड कार्ड जोडणी

मायक्रोफोनने आवाजापासून तयार केलेला विद्युत् संकेत संगणकाच्या साउंड कार्डाला पुरेशा पातळीवर, योग्य वीजपुरवठ्यासह आणि घरघर न मिसळता पोचवण्याची व्यवस्था. घरच्या घरी रियाज, भजन, कथावाचन किंवा पॉडकास्ट मुद्रित करणाऱ्यांना ती लागते. पिन खोबणीत बसली की जोडणी झाली, असा समज सर्रास आढळतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या समजात आहे.

संकेताची पातळी : गायकांच्या हाती नेहमी दिसतो तो डायनॅमिक माइक. चुंबकीय क्षेत्रात तारेची बारीक गुंडाळी हलते आणि वीज निर्माण होते. शुअर कंपनीचा एसएम ५८ (१९६६) याच प्रकारातला असून ९४ डेसिबलच्या आवाजाला तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. घरगुती उपकरणांची लाइन पातळी (एका यंत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या संकेताची नेहमीची पातळी) सुमारे ०.३१६ व्होल्ट, म्हणजे त्याच्या १७० पट असते. ही तफावत भरून काढायला साधारण ४५ डेसिबल वर्धन लागते. त्यामुळे निळ्या, म्हणजे लाइन-इन खोबणीत लावलेला माइक जेमतेम ऐकू येतो. गुलाबी, म्हणजे माइकच्या खोबणीमागे वर्धक असतो, पण तो बोलण्यापुरता. ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० किंवा ३० डेसिबलवर नेला, की गळ्याबरोबर मागची सूं सूंही तेवढीच वर येते. (गुलाबी, निळा, हिरवा हे रंगसंकेत इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेतले.)

खोबणीतील तारा : गुलाबी खोबणी मुळात इलेक्ट्रेट माइकसाठी आखलेली आहे. बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ च्या सुमारास विकसित केलेल्या या माइकात पडद्यावरचा विद्युत्भार कायमचा असतो. मात्र आतल्या ट्रान्झिस्टरला थोडी वीज लागते. ३.५ मिलिमीटर पिनच्या टोकावर संकेत, मधल्या कड्यावर कार्डाकडून येणारे काही व्होल्ट आणि मागच्या नळीवर भूमी, अशी ही मांडणी आहे. डायनॅमिक माइकला या व्होल्टांची गरज नसते. उलट ते गुंडाळीतून वाहिले तर पडदा एका बाजूला ओढला जातो. म्हणून तीन पिनी एक्सएलआर माइकची तार गुलाबी खोबणीसाठी बनवताना पिन २ टोकाला, पिन १ व ३ एकत्र नळीला डागाव्यात आणि मधले कडे मोकळे सोडावे. बाजारातल्या तयार तारेत पुष्कळदा पिन ३ कड्याला जोडलेली असते. विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावून पाहणे उत्तम.

अलीकडच्या लॅपटॉपवर हेडफोन व माइक यांना मिळून एकच खोबणी असते आणि तिच्या पिनवर चार पट्ट्या असतात. त्यात जुनी तीन पट्ट्यांची पिन घातली, तर लांब नळी माइकचा संपर्कबिंदू थेट भूमीला टेकवते. मुद्रणात शांतता येते आणि दोष माइकवर जातो. त्यासाठी दोन तोंडांचा जोड घ्यावा लागतो.

फँटम पॉवर : कंडेन्सर (विद्युत्भारित पडद्याच्या) माइकला आणि त्यातील वर्धकाला बाहेरून वीज लागते. ती संकेताच्याच दोन तारांतून पाठवण्याच्या पद्धतीला फँटम पॉवर म्हणतात. ४८ व्होल्ट प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या दोन रोधांतून पिन २ व ३ यांना सारखेच दिले जातात आणि परतीचा मार्ग कवचातून असतो. दोन्ही तारांवर दाब समान असल्याने डायनॅमिक माइकच्या गुंडाळीतून प्रवाह वाहत नाही, म्हणून तार संतुलित (संकेत दोन सारख्या तारांतून आणि भूमी वेगळ्या कवचातून नेणारी) असेल तर त्याला धोका नाही. रिबन (धातूच्या पातळ पट्टीच्या) माइकच्या बाबतीत मात्र जपावे.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन दावे आहेत. एका मतानुसार शॉप्स या जर्मन कंपनीने फ्रेंच रेडिओसाठी १९६४ च्या सुमारास केलेला सीएमटी २० हा ट्रान्झिस्टरयुक्त माइक पहिला. तो कमी व्होल्टवर चालत असे. दुसरे मत १९६६ मधील नॉयमान कंपनीच्या केएम ८४ या माइकला मान देते. नॉर्वेच्या नभोवाणीला फँटम पद्धतीचे माइक हवे होते आणि तिच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच दाब ठरला, असे सांगतात. वस्तुतः फँटम पहिला कोणाचा आणि ४८ व्होल्ट कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात शॉप्सचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. आजच्या प्रमाणाची परंपरा नॉयमानपासून आली, याविषयी फारसा वाद नाही. ‘फँटम’ हे नाव त्याहून जुने असून दूरध्वनी अभियांत्रिकीतले आहे. तेथे तारांच्या दोन जोड्यांवरून तिसरे संभाषण नेणाऱ्या मंडलाला ते लावत.

साउंड कार्डाची गुलाबी खोबणी हे ४८ व्होल्ट देत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही ‘कंडेन्सर’ माइक तिच्यावर चालतात, कारण त्यांपैकी पुष्कळांत आत इलेक्ट्रेट कॅप्सूलच असते.

घरघर : भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्झची असल्याने मुद्रणात शिरणारी घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटीत येते. १०० हर्ट्झ हा स्वर पांढरी पाचच्या (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झ) किंचित वर पडतो. त्यामुळे पांढरी पाचमध्ये षड्ज लावणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि तानपुरा बिघडला की काय, अशी शंका येते. जुन्या नाशकातील एका वाड्यात प्रस्तुत लेखकाने हे ऐकले आहे. माजघरात संगणक, शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आणि संगणकाच्या तीन पिनी प्लगची वरची जाड पिन मोडलेली. अर्थिंग असलेल्या बोर्डात नवा प्लग लावताच हेलकावे थांबले. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहणे ही सोपी परीक्षा आहे. संतुलित तार, आणि माइकची तार वीजवाहक वायरला समांतर न ठेवणे, हे कायमचे उपाय.

नाशिकला विष्णु दिगंबर पलुस्करांच्या रामनाम आधार आश्रमापासून गायन-भजनाची परंपरा आहे, आणि पंचवटीतील भजनी मंडळींत घरगुती मुद्रणाची हौस दिसते. वाड्यांच्या जाड भिंती बाहेरचा गलबला बऱ्यापैकी अडवतात. पत्र्याच्या छपराखाली मात्र श्रावणात मुद्रण होणे कठीण. नाशिक ढोल घरात मुद्रित करताना प्रश्न उलटा होतो. तेथे संकेत इतका मोठा असतो, की बूस्ट पूर्ण बंद ठेवावे लागते.

बाह्य इंटरफेस : आता वर्धक, ४८ व्होल्ट व रूपांतरक हे सर्व यूएसबी इंटरफेसमध्ये एकत्र मिळते. संगणकातून फिरून येणारा आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (आवाजाचे तुकडे तात्पुरते साठवण्याची जागा) ठेवला, तर केवळ त्या बफराचा विलंब ५.३ मिलिसेकंद भरतो. विंडोजमध्ये तो कमी करण्यासाठी स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ पद्धत वापरतात. गाताना इंटरफेसवरील थेट श्रवणाचे बटण दाबले, की गळा संगणकात न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो.