टाकी भरली हे नॉझलला कसं कळतं?

होळी झाली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज ठरल्यासारखा येतो. ‘इंडियन ऑइलचा इशारा. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल. दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर जाऊ द्या.’ यंदा तो मामांनी पाठवला आणि लगेच फोन केला, “अरे, खरं आहे का हे? मी सकाळीच फुल केलीये.” हा इशारा आपण दिलेला नाही, असं इंडियन ऑइलने पूर्वीच जाहीर केलं आहे. उन्हाळा असो की हिवाळा, गाडी बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला हरकत नाही, हेही कंपनीने सांगितलं आहे. मामांना फोनवर तेवढं पुरलं. मला मात्र त्या मेसेजमधल्या दुसऱ्या सूचनेची जास्त काळजी वाटते. झाकण उघडून ‘गॅस’ सोडणं हे भरलेल्या टाकीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि वाफसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच पेटते. शंभर भागांत साधारण १.४ ते ७.६ भाग वाफ हवी. त्याहून कमी असेल तर जळण अपुरं पडतं, जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा पडतो. आता बंद टाकीचा विचार करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे टाकीतल्या रिकाम्या जागेत शंभरातले चाळीस-पन्नास भाग वाफच भरलेली असते. एवढ्या दाट मिश्रणात ठिणगी पडली तरी ते पेटणार नाही. बंद टाकीचं पोट ही त्या मानाने सुरक्षित जागा आहे.

धोका असतो तो टाकीच्या तोंडाशी. आतली दाट वाफ बाहेर येते, हवेत विरळ होत जाते, आणि पन्नास टक्क्यांवरून शून्यावर येताना वाटेत कुठेतरी त्या १.४ ते ७.६ च्या पट्ट्यातून जातेच. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. टाकीच्या कडेने खाली उतरते, आणि मोटारसायकलला टाकीच्या बरोबर खाली काय असतं? इंजिन, प्लगची टोपी आणि तापलेला बेंड पाईप. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ पेटण्याइतकी होते तो अंश, शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे महाबळेश्वरच्या थंडीतही हे असंच घडतं. म्हणून रोज झाकण उघडून गॅस सोडायचा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका.

स्फोटाच्या भीतीत खरं तेवढं एकच आहे, पेट्रोल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण एक हजारांश. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल बारा लिटरच्या टाकीत भरलं आणि गाडी भर उन्हात उभी राहून ते वीस अंशांनी तापलं, तर सुमारे २३० मिलिलिटर वाढेल. कटिंग चहाचे अडीच-तीन ग्लास. हे हिशेबात धरूनच टाकी बनवतात, आणि झाकणाच्या गळ्याखाली जागा मोकळी राहील अशी मर्यादा ठरवतात. ही मर्यादा जो पाळतो त्याला भिण्याचं कारण नाही. ती मोडते कुठे, हे मात्र कुठल्याही पंपावर पाच मिनिटं उभं राहून बघावं.

टाकी भरत आली की पंपाच्या पाईपच्या टोकाचं नॉझल ‘टक’ करून आपोआप बंद होतं. मीटरवर दिसतात ४८६ रुपये. गाडीवर बसलेला गृहस्थ म्हणतो, “पाचशे करून टाक, राउंड फिगर.” पंपावरचा मुलगा नॉझल वर उचलतो आणि थेंब थेंब सोडत राहतो. पेट्रोल गळ्यापर्यंत येतं, काठावरून ओघळतं, टाकीच्या रंगावरून घसरत इंजिनच्या फिन्सवर पडतं. चर्र आवाज येतो, वाफेचा एक झोत वर येतो. मागे बायको, पुढे टाकीवर चार वर्षांची मुलगी, तिच्या गुडघ्याला ओलं पेट्रोल. हे मी गेल्या महिन्यात हातभर अंतरावरून पाहिलं आणि घरी येईपर्यंत ते डोळ्यांसमोरून हललं नाही. त्या ‘टक’च्या मागे केवढी हुशारी भरलेली आहे हे कळलं, तर तो आवाज कुणी असा डावलणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

नॉझलची नळी जवळून बघा. टोकापाशी ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक दिसेल. त्या भोकातून एक बारीक नळी निघते आणि मोठ्या नळीच्या आतूनच मागे मुठीपर्यंत जाते. तिथे एक चिमुकली कोठडी आहे, जिची एक भिंत म्हणजे रबराचा लवचिक पडदा. ही कोठडी आणखी एका ठिकाणी जोडलेली असते, पेट्रोल जिथे अरुंद फटीतून सुसाट धावतं तिथे.

इथे शाळेतला बर्नोली आठवायचा. डॅनियल बर्नोली या स्विस शास्त्रज्ञाने १७३८ मध्ये मांडलं की वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो. मला हे शाळेत उलटं वाटायचं. अरुंद जागेत दाटी होते, मग दाब वाढायला हवा ना? पण असा विचार करा. रुंद भागातलं पाणी अरुंद भागात शिरताना वेग घेतं. वेग घ्यायला मागून कुणीतरी ढकलायला हवं. म्हणजे मागचा दाब जास्त आणि पुढचा कमी असला पाहिजे, नाहीतर वेग वाढणारच नाही. दाब खर्ची पडून वेग मिळतो. पुढे १७९७ मध्ये जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन प्राध्यापकाने अरुंद गळ्याच्या नळीतला हा परिणाम तपशिलाने दाखवला. डासांवर फवारायचा फ्लिटचा हातपंप ज्यांनी चालवला आहे त्यांनी या तत्त्वाचा भाऊबंद घरात पाहिला आहे. जुन्या गाड्यांचा कार्बोरेटरही असाच. इंजिनने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून धावते आणि वाटीतलं पेट्रोल वर खेचून घेते. नॉझलमध्ये भूमिका उलट आहेत, पेट्रोल धावतं आणि हवा खेचली जाते.

तर, पेट्रोल वाहत असताना त्या फटीपाशी दाब कमी होतो आणि कोठडीतली हवा शोषली जाते. पण टोकाच्या भोकातून तेवढीच हवा आत येत राहते. जेवढी गेली तेवढी आली, पडदा जागच्या जागी. टाकीतलं पेट्रोल वर चढत चढत त्या भोकाला टेकलं की चित्र बदलतं. आता शोषायला हवेऐवजी पेट्रोल आहे. पेट्रोलची घनता हवेच्या सुमारे सहाशे पट. तेवढ्याच ओढीने भोकातून शिरणाऱ्या प्रवाहाचा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे सहाशेचं वर्गमूळ, साधारण पंचवीस पटींनी. बाहेर जाणं चालूच, आत येणं जवळपास थांबलेलं. कोठडीतला दाब झपकन पडतो आणि पडदा आत ओढला जातो.

पडद्याला एक खिटी जोडलेली असते. मुलाने हातात दाबून धरलेला खटका ज्या टेकूवर रेलून व्हॉल्व्ह उचलून धरतो, तो टेकू या खिटीने अडवलेला असतो. खिटी सरकली की टेकू निसटतो. मूठ अजून आवळलेलीच आहे, पण त्या जोराला आता आधार उरलेला नाही. स्प्रिंग व्हॉल्व्ह खाली बसवते. टक. यात कुठे सेन्सर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. पेट्रोलच्या स्वतःच्या वाहण्यातून मिळालेल्या शक्तीने पेट्रोल बंद होतं. असं यंत्र पाहिलं की मला हात जोडावेसे वाटतात.

आता राउंड फिगरकडे परत येऊ. दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धार निम्मी केली की ओढ पाव होते. धार अगदी बारीक, थेंबथेंब केली की ओढ इतकी क्षीण होते की पडदा हलतच नाही. म्हणजे हळूहळू भरताना आपण नॉझलची अक्कलच काढून घेतलेली असते. दुसरं, मोटारसायकलच्या टाकीच्या पोटाखालून चॅसिसचा, म्हणजे सांगाड्याचा, पाईप जातो, त्याच्यासाठी टाकीच्या तळाला मधोमध उंचवटा असतो. झाकणातून पडणारं पेट्रोल त्यावर आपटून फेसाळतं, उडतं आणि भोकाला लागून नॉझल वेळेआधीच बंद पडतं. म्हणून पंपावरची मुलं नॉझल आत न घालता तोंडाच्या वर धरतात. त्यांचं कारण समजण्यासारखं आहे, पण मग ते भोक हवेत राहतं आणि पातळी कळायला फक्त माणसाचा डोळा उरतो. शिवाय उंचावरून पडणारी धार वाफ जास्त उडवते. नळी तोंडात टेकवून मध्यम धारेने भरणं हा यावरचा उपाय आहे. काठोकाठ भरण्याने नव्या बीएस-६ गाड्यांना आणखी एक इजा होते. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना कोळशाचा डबा (कॅनिस्टर) लावलेला असतो. तो वाफ शोषण्यासाठी असतो, त्यात पातळ पेट्रोल शिरलं की कोळसा निकामी होतो.

जाता जाता दोन समजुतींबद्दल. भल्या पहाटे भरलं की पेट्रोल जास्त मिळतं म्हणतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी फारसं बदलत नाही. आणि पेट्रोलच्या पाईपला चुंबक लावून मायलेज वाढवून देणारे अजून दुकानोदुकानी भेटतात. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा जळण सुधारेल असा काहीही परिणाम होत नाही. हँडलच्या लिंबू-मिरचीने अपघात टळत नाही, तसंच हेही. दोन्हींवरचा पैसा ब्रेक शूजवर घालावा.

मोबाईलची भीतीही जागा चुकलेली आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींच्या नोंदी जमवल्या तेव्हा दीडशेहून जास्त घटना स्थिर विजेच्या निघाल्या, मोबाईलने लागलेली एकही सिद्ध झाली नाही. पंपावर फोन खिशात ठेवावाच, नियमही तसा आहे आणि लक्षही जागेवर राहतं. पण स्थिर वीज विसरू नये. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे दुपारची हवा इतकी कोरडी होते की रेक्झिनच्या सीटवरून सिंथेटिक पँट घासत उतरलं तरी अंगावर हजारो व्होल्ट जमतात. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, सुमारे १५० पिकोफॅरड धरली तर ३,००० व्होल्टला ०.७ मिलिज्यूल ऊर्जा होते. पेट्रोलची वाफ पेटायला ०.२५ मिलिज्यूलच्या आसपास पुरते. बोटाला जेमतेम जाणवेल अशी ठिणगीही तिप्पट जोराची! म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन बंद, मग सगळ्यांनी उतरायचं, हँडलच्या किंवा चॅसिसच्या उघड्या धातूला हात लावायचा, आणि मगच झाकण उघडायचं. झाकण उघडं असताना सीटवर चढउतार करायची नाही. भडका उडालाच तर टाकीत घातलेलं नॉझल ओढून काढू नका, ते पेट्रोल सांडत येईल. गाडी सोडून लांब व्हा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून पंपावर वाळूच्या बादल्या असतात.

उतरल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्यावी. साइड स्टँडवर टाकी डावीकडे कलते आणि पातळीचा अंदाज चुकतो.

पेट्रोलियम नियम, २००२ राबवणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कायद्याने पेट्रोल सर्वांत ज्वालाग्राही अशा ‘अ’ वर्गात मोडतं. शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, आणि बेंझिन दीर्घकाळ श्वासातून जात राहिलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपण पंपावर दोन मिनिटं थांबतो. नॉझल धरणारा मुलगा आठ-दहा तास तोंडाला रुमाल बांधून तिथेच असतो. नळी टाकीच्या तोंडात टेकली आणि ‘टक’ला धार थांबली की वाफेचा झोत त्याच्या नाकापर्यंत कमी जातो. मामांना मी परवा हे सगळं सांगितलं. ते गाडीवरून उतरले, मेन स्टँड लावला आणि मुलाला म्हणाले, “बाळा, आत घालून भर. बंद पडलं की राहू दे.” मीटर ३१२ रुपये ६० पैशांवर थांबला होता.