पेटीवाल्याने मिडी कीबोर्ड घेताना

मिडी कंट्रोलर कीबोर्ड बघायला दुकानात गेलात, तर आधी एकच पट्टी अगदी हळू दाबा, मग तीच फटकन दाबा. पट्ट्या किती, बटणं किती, दिवे किती, हे सगळं नंतर.

या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. पट्टी दाबली की सिंथेसायझरला किंवा संगणकाला फक्त निरोप जातो: कोणता स्वर, किती जोरात. या निरोपाची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकच भाषा बोलली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

‘किती जोरात’ म्हटलं तरी जोर मोजलाच जात नाही; वेळ मोजला जातो. साधारणपणे प्रत्येक पट्टीखाली दोन स्विच असतात. पट्टी खाली जाताना एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका आकडा मोठा, १ ते १२७ मधला. (शून्य आला तर तो ‘स्वर थांबव’ असा निरोप धरला जातो.) दुकानदाराला हे आकडे संगणकावर दाखवायला सांगा. कितीही हळुवार दाबूनही आकडा चाळीस-पन्नासच्या खाली उतरत नसेल, तर तो कीबोर्ड तुमचं हळू वाजवणं कधीच पोचवणार नाही.

आता खास पेटी वाजवणाऱ्यांसाठी. आपल्या बोटांना जोराची सवयच नसते. आवाज लहानमोठा करतो तो भाता. आणि भाता स्वर चालू असतानाही आवाज फुलवू शकतो. मिडीतला तो आकडा मात्र पट्टी दाबली त्या क्षणीच ठरतो. म्हणून मागच्या बाजूला एक्स्प्रेशन पेडलची जागा आहे का ते जरूर बघा. पायाखालचं ते पेडल म्हणजे तुमचा भाता. ते नसेल तर मॉड्युलेशनच्या, म्हणजे पट्ट्यांच्या डावीकडे बोटाने फिरवायच्या, चाकावर काम भागतं, पण डावा हात तिथे अडकतो. पेटीच्या हाताला ४९ पट्ट्या पुरतात. दोन्ही हातांनी पियानो वाजवायचा असेल तरच ८८ घ्या.

जोडणीत मी स्वतः फसलो आहे. माझ्या जुन्या सिंथेसायझरला पाच टाचण्यांची गोल मिडी जोडणी, आणि घेतलेल्या कीबोर्डला नुसतं यूएसबी. यूएसबीला समोर संगणक किंवा ‘होस्ट’ (संगणकाऐवजी जोडणी सांभाळणारी डबी) लागतो, त्यामुळे ती वेगळी डबी आणेपर्यंत दोघं मुकी बसून होती. गोल जोडणी जुनी म्हणून हळू असेल, ही भीती मात्र नको. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एका स्वराचा निरोप जेमतेम एका मिलिसेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून ३४ सेंटिमीटर जातो. स्पीकर हातभर लांब असला तरी याहून जास्त उशीर होतो.

आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीवर ती निघत नाही, हे आपलं जुनं दुःख. इथे त्यासाठी स्वर वर-खाली सरकवणारं पिच बेंडचं चाक असतं आणि त्याला १२८ नव्हे, १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे, म्हणून स्वर अडखळत न जाता घसरत जातो. ते सोडलं की स्प्रिंगमुळे मधोमध परत येतं. गंधारावरून रिषभावर हळूच उतरून बघा. ज्या चाकावर ते सहज जमेल, तो कीबोर्ड घ्या.