एम्प्रेस मिल आणि रिंग फ्रेम : नागपुरात रुजलेला पीळ

वेचणीच्या दिवसांत बोंडातला कापूस चिमटीत धरायचा, सरकी बाजूला करायची आणि पीळ देत हळूहळू ओढायचा. बोटभर धागा निघतो. पीळ सुटला की त्याचा पुन्हा नुसता कापूस होतो. सूत कातायचे म्हणजे ओढायचे, पीळ द्यायचा आणि गुंडाळायचे. टकळी असो की गिरणीतला साचा, कामे हीच तीन. आज जगात सुती धागा सर्वाधिक ज्या यंत्रावर कातला जातो, ते रिंग फ्रेम भारतात रुजवण्यात नागपूरचा वाटा फार मोठा आहे. विदर्भाला स्वतःच्या या कर्तबगारीचा विसर पडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढची वीस वर्षे नव्या गिरण्या मुख्यतः मुंबईतच निघत राहिल्या. भांडवल तिथे, बंदर तिथे, शिवाय समुद्रकाठची दमट हवा; कोरड्या हवेत धागा सारखा तुटतो. कापूस मात्र वऱ्हाड-खानदेशातून गासड्या बांधून यायचा. जमशेटजी टाटांनी हे गणित उलटे मांडले : गिरणीच कापसाकडे नेली तर? नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोचली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जात होता.

जुम्मा तलावाशेजारची दलदलीची जागा भरून घेऊन तिथे गिरणी उभी राहिली. ‘हा माणूस जमिनीत सोने पुरतोय’ म्हणून एका सावकाराने भांडवल नाकारले आणि पुढे ‘त्याने माती घातली आणि सोने काढले’ अशी कबुली दिली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रकथांत नेहमी येते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. सुमारे तीस हजार चात्या, म्हणजे फिरून धाग्याला पीळ देणारे दांडे, होत्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास म्यूलच्या.

म्यूल हे इंग्लंडच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनचे १७७९ चे सूत कातायचे यंत्र. त्याची चात्या बसवलेली गाडी पाचेक फूट मागे जाई, जाताना धागा ओढी आणि पीळ देई; मग थांबे आणि परत येताना तेवढा धागा गुंडाळी. धागा मऊ, तलम निघे. पण कातणे आणि गुंडाळणे आळीपाळीने, आणि यंत्र चालवायला कसबी माणूस हवा.

रिंग फ्रेममध्ये ही गाडीच नाही. १८२८ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या या यंत्रात प्रत्येक चातीभोवती एक कडी असते. कडीच्या काठावर भाताच्या शितापेक्षाही लहान अशी पोलादी आकडी सरकत फिरते. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा आकडीतून जाऊन चातीवरच्या बॉबिनला मिळतो. चाती फिरली की धागा आकडीला ओढत नेतो. आकडीच्या प्रत्येक फेऱ्याला धाग्यात एक पीळ बसतो. घर्षणामुळे ती चातीच्या किंचित मागे पडते, आणि जेवढी मागे पडते तेवढाच धागा बॉबिनवर चढतो. कातणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता! माझ्या मते गिरणीतल्या सगळ्या यंत्रांत याहून सुंदर भाग नाही. चार सेंटिमीटर व्यासाच्या कडीवर, मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांनी, ही चिमुकली आकडी ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते.

त्याआधीची कामे वेगळ्या खात्यांत होतात. ब्लो रूममध्ये गासडी फोडून कचरा काढतात, कार्डिंगमध्ये तंतू विंचरून त्यांचा दोरासारखा पेळू करतात, ड्रॉइंगमध्ये असे अनेक पेळू एकत्र ओढून जाडी सारखी करतात, सिम्प्लेक्स नावाच्या यंत्रावर तो बारीक करून हलका पीळ देतात. सुताचा बारीकपणा काउंटमध्ये मोजतात : चाळीस काउंटचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या चाळीस लड्या. अर्ध्या किलोहूनही कमी कापसातून तीस किलोमीटर धागा!

एम्प्रेस मिलने १८८० च्या दशकात रिंग फ्रेम लावायला सुरुवात केली, तेव्हा इंग्लंडमधले गिरण्यांचे माहेरघर लँकेशायर म्यूललाच चिकटून होते आणि पुढेही कित्येक वर्षे राहिले. व्यवस्थापक बेझनजी मेहता मूळचे रेल्वेतले, गिरणीधंद्याची परंपरा त्यांच्या पाठीशी नव्हती. नव्या यंत्राकडे मोकळ्या मनाने बघायला त्याचीच मदत झाली असावी, असे मला वाटते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यावर हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवून उपाय केला. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला.

मुंबईचे जाडेभरडे सूत तेव्हा चीनला जात असे. जपानी गिरण्यांनीही रिंग फ्रेम धडाक्याने स्वीकारले, आणि १८९० च्या दशकापासून तीच बाजारपेठ त्यांनी मुंबईच्या हातून काढून घेतली.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. जुम्मा तलाव आता गांधीसागर झाला आहे, शेजारी गिरणीच्या जागेवर मॉल आहे. विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या कितीतरी गासड्या ट्रकने तमिळनाडूकडे जातात आणि तिथल्या सूतगिरण्यांत त्याच कडीवर, त्याच आकडीतून कातल्या जातात.