पणजी आणि जुन्या गोव्यात कुत्र्याला फिरायला नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आपला कुत्रा फिरवण्यासाठी किंवा चार दिवस सांभाळण्यासाठी आमच्याकडे सोपवताना बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात की, पणजीत त्याला मोकळे सोडता येईल अशी जागा कोणती? अशा जागेचे उदाहरण द्यायचे तर, हैदराबादच्या महानगरपालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात सुमारे १.३ एकर जागेवर खास कुत्र्यांसाठी कुंपणाचे उद्यान उभारले. आमच्या रोजच्या फेऱ्या मात्र रस्ते, बागा आणि किनाऱ्यावरच होतात, आणि तेथे पट्टा आम्ही कधीही सोडत नाही. एवढ्या वर्षांत आमचे मत असे झाले आहे की, जुन्या शहरात जागा निवडण्याआधी वेळ निवडावी.

पणजीतील फोंतेन्हास आणि मळा भागाचे उदाहरण घ्या. झऱ्यावरून नाव पडलेल्या या वस्तीतील गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या मापाच्या असून घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात. सकाळी सहा ते साडेसातपर्यंत येथे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू सोडला तर फारसा आवाज नसतो. नऊनंतर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते आणि बुजरा कुत्रा भिंतीला चिकटून चालू लागतो. रहिवाशांची खरी तक्रार भुंकण्याची नसून भिंतींची असते. लघवीतील क्षार चुन्याच्या गिलाव्यात मुरतात, वाळताना स्फटिक होतात आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. पावसाळ्यानंतर खर्च करून रंगवलेल्या भिंतीचे असे झाल्यावर घरमालकाने रागावणे स्वाभाविक आहे. म्हणून आमच्या माणसाकडे विष्ठेच्या पिशव्यांबरोबर पाण्याची एक लिटरची बाटली असतेच, आणि कुत्र्याने पाय वर केलेल्या जागी लगेच पाणी ओतले जाते. आपण स्वतः फिरवत असाल तेव्हाही एवढे करावे, ही विनंती.

मोठ्या अंगाच्या, ओढ घेणाऱ्या कुत्र्यांसाठी कांपालचा मांडवीकाठ आणि मिरामारची वाळू अधिक सोयीची आहे. मार्च ते मे या काळात डांबर आणि फरशी सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेली राहते. तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सात आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तेथे ठेवू नयेत. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींना धाप लवकर लागते, त्यांना उन्हाळ्यात संध्याकाळऐवजी पहाटेच न्यावे. मिरामारला पिण्याचे गोडे पाणी बरोबर हवे. आमच्याकडच्या एका लॅब्रॅडोरने लाटांशी खेळता खेळता पोटभर खारे पाणी प्यायले आणि परतताना गाडीच्या मागच्या सीटची जी अवस्था केली, तिचे वर्णन येथे करत नाही. वाळूत टाकून दिलेले मासेही हुंगू देऊ नयेत, कारण त्यांचे काटे घशात किंवा पंजात रुततात.

जुन्या गोव्याबाबत स्पष्टच सांगतो. तेथील चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि बॉम जेझुस बासिलिका, से कॅथेड्रल यांसारखी संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांनुसार देखभालीव्यतिरिक्त अन्य कारणासाठी तेथे प्राणी आणता येत नाहीत. पायऱ्यांच्या सावलीत गावठी कुत्री निवांत झोपलेली दिसतात, पण त्यावरून आपल्या कुत्र्यालाही परवानगी आहे असे समजू नये. दर्शनाला जायचे असेल तर कुत्र्याला घरी किंवा आमच्याकडे ठेवावे, बंद गाडीत कधीही नाही. रायबंदरचा १७व्या शतकातील बांध दिसायला सुंदर असला तरी भरधाव वाहनांमुळे आम्ही तो टाळतो. चोडणच्या सालिम अली पक्षी अभयारण्यात, तसेच ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात त्या मोरजी, आगोंद आणि गालजीबाग किनाऱ्यांवर हंगामात कुत्रा नेऊ नये; वाळूतील घरटे उकरायला त्याला दोन मिनिटे पुरतात.

प्रत्येक गल्लीत आधीपासून राहणारी कुत्री असतात आणि ती गल्ली त्यांची असते. समोरून टोळी आल्यास पट्टा ताणू नये, पळू नये. वळण घेऊन दुसऱ्या बाजूने जावे. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामागे कुत्र्यांचे व्यापक लसीकरण आहे. म्हणूनच लसीचे चालू कार्ड पाहिल्याशिवाय आम्ही कोणाही कुत्र्याला घेत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो. चावा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, याचीही नोंद घ्यावी.

पावसाळ्यात बागांमधील गवत वाढले की गोचिडींपासून होणाऱ्या तापाचे रुग्ण वाढतात. प्रत्येक फेरीनंतर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली बोटे फिरवून पाहावे. जूनमध्ये बेडूक तोंडात धरून फेस काढणारे कुत्रेही आमच्याकडे येतात. अशा वेळी तोंड खाली झुकवून बाजूने पाणी सोडावे, म्हणजे विषारी स्राव पोटात जाण्याऐवजी बाहेर पडतो.

नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि फटाक्यांमुळे कुत्रे दावे तोडून पळतात. त्या रात्री व कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी आमच्या फेऱ्या बंद असतात. कुत्रा सोपवताना लसीचे कार्ड, मालकाचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला गळपट्टा आणि त्याच्या नेहमीच्या चादरीचा तुकडा सोबत द्यावा.